चौसष्ट सालचा लाल

उमसुनाय आमच्या जिन्यावर राहायला आली तेव्हा पलंग, कपाट, पिंपं सगळं तिनं हमालांच्या हाती सोडलं, पण लोकरीच्या जुन्या जाजमाची, शिरदाकाची, एक जाडजूड वळकटी मात्र स्वतःच्या खांद्यावर टाकून चौथा मजला चढली. वाटेत तीनदा टेकली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. ह्याला मी कोणाला शिवू देत नाही."

मला वाटलं, शेजार भांडकुदळ मिळाला. दुसऱ्या दिवशी शिवण-कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर तीच येऊन बसली आणि डबा उघडून मला बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे तुकडे, देत म्हणाली, "काल तुटक बोलले, मनावर घेऊ नकोस. तुझं नाव काय?"

"तोक्तोकान."

"तोक्तो, त्या वळकटीत माझ्या नवऱ्याचा गुन्हा आहे."

असं बोलणारी बाई कोणाला आवडणार नाही? पुढे पस्तीस वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो.

नवरा म्हणजे जुमाकादिर. मी त्यांना बायके म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. उंच, पाठीत वाकलेले, मोठ्या कानांचे. शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात फलक रंगवायला होते. "श्रमाचा विजय असो", "योजना वेळेआधी पूर्ण करू", आणि सणासुदीला पुढाऱ्यांच्या दाढ्या. दाढ्या त्यांना फार छान जमत. कोणी कौतुक केलं की म्हणत, "दाढी सोपी. खाली हनुवटी काढावी लागत नाही."

त्यांचा गुन्हा काय ते मला हळूहळू कळलं. नारीनकडच्या डोंगरातला हा पोर. बाप युद्धावर गेला तो परतलाच नाही. आई शिरदाक करायची: लाल आणि काळी लोकर एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापायची, मग लालाच्या भोकात काळं बसवायचं आणि काळ्याच्या भोकात लाल. हुशार म्हणून सरकारनं मुलाला लेनिनग्राडला चित्रकला शिकायला पाठवलं. तिथून परत आले आणि तेच आईचं लाल-काळं काढू लागले, पण मोडून. माणूस नाही, घोडा नाही, डोंगर नाही. नुसती दोन रंगांची झटापट. डावीकडून बघावं तर लाल काळ्याला गिळतोय, उजवीकडून बघावं तर काळा लालाचा गळा धरतोय. मी ती चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यात बघायचं काय असतं ते मला कळलं नाही, पण बघून झाल्यावर त्या खोलीत बसवेना.

चौसष्ट साली आमच्या शहरात, तेव्हाच्या फ्रुंझेत, ती चित्रं प्रदर्शनात लागली. तीन दिवस. चौथ्या दिवशी पक्षाचे एक साहेब आले. मॉस्कोतून तेव्हा असल्या चित्रांविरुद्ध वारं सुटलं होतं. साहेबांनी विचारलं, "कॉम्रेड, हे कामगाराला काय सांगतं?"

बायके तिशीचे होते. म्हणाले, "काही नाही. कामगार दिवसभर ऐकूनच दमलेला असतो."

त्या एका उत्तरानं आयुष्याची माती झाली. चित्रकारांच्या संघातून नाव काढलं, खोली काढून घेतली, आणि सगळी चित्रं नाटकाच्या पडद्यांच्या गोदामात गेली, वरून चुना फासून परत वापरायला. उमसुनायशी तेव्हा त्यांचं नुकतंच ठरलं होतं. तिच्या आईनं सांगितलं, असल्या माणसाशी लग्न करण्यापेक्षा विहीर जवळ कर. पोरीनं एक वोडकाची बाटली घेतली, कारखान्यातली कात्री घेतली, भर दुपारी गोदामात गेली. पहारेकऱ्याला बाटली दिली आणि तो पीत होता तेवढ्यात जमेल तेवढी चित्रं चौकटीवरून कापून पोटाला गुंडाळली. नऊ आली. बाकीची चुन्याखाली गेली.

ती नऊ त्या शिरदाकात होती.

आमच्या समोर राहत असताना बायके काही काढत नव्हते असं नाही. पण आता त्यांचे रंग राखाडी झाले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी फळी टेकवून रंगाचा पातळ हात द्यायचे, वाळू द्यायचे, पात्यानं खरवडायचे, पुन्हा हात. एकेक चित्र वर्ष वर्ष चालायचं. मी एकदा अंडी उसनी मागायला गेले आणि तिथंच उभी राहिले. आधी काहीच दिसेना. मग खालच्या कोपऱ्यात किंचित निळसर काहीतरी दिसलं, बघता बघता पुन्हा गेलं.

"हे काय आहे बायके?"

"धुकं नाही आणि बर्फही नाही, एवढं आधीच सांगतो."

"मग?"

"मलाही माहीत नाही गं. कळलं की थांबेन."

चुलीशी उमसुनाय म्हणाली, "त्यांना कळेपर्यंत माझं स्वयंपाकघर टर्पेंटाइननं वास मारणार. अंडी किती पाहिजेत?"

कोणाला दाखवायची सोय नव्हती, विकायचा प्रश्नच नव्हता. तरी त्या वीस-पंचवीस वर्षांत मी त्यांना दुःखी बघितलं नाही. फलक रंगवून यायचे, हात धुवायचे, चहा प्यायचे आणि खिडकीशी बसायचे. मुलगी बुरुल तिथंच पायाशी खेळून मोठी झाली.

मग सोव्हिएत संपलं. शहराचं नाव पुन्हा बिश्केक झालं, यंत्रांचा कारखाना बंद पडला, आमचा शिवणकारखानाही गेला. उमसुनाय आणि मी ओश बाजारात चिनी मोजे विकू लागलो. बुरुल मॉस्कोला भांडी घासायला गेली. आणि एका वसंतात मेल्स आला.

चाळिशीचा, चामड्याचा कोट, अत्तर. सीमेपलीकडे अल्माटीत त्याचं चित्रांचं दालन होतं. मार्क्स, एंगेल्स, लेनिन, स्टालिन यांची आद्याक्षरं जोडून बापानं नाव ठेवलं होतं. तो गेल्यावर उमसुनाय म्हणाली, "चौघांच्या नावानं नवस बोलून पोर झालं आणि निघालं काय, तर वाणी!"

पण माणूस गोडबोल्या. कुठल्याशा जुन्या कलाशिक्षकाकडून त्याला त्या तीन दिवसांच्या प्रदर्शनाची गोष्ट कळली होती. शिरदाक उलगडला तेव्हा तो जमिनीवर गुडघे टेकून बसला. "अक्साकाल," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं म्हणाला, "तुम्ही जिवंत आहात हेच मला खरं वाटत नाही." बायकेंना आयुष्यात पहिल्यांदा कोणी असं म्हणालं असेल. त्यांचे कान लाल झाले.

नऊपैकी सात त्यानं नेली. दिलेल्या पैशांत खिडक्या नव्या झाल्या, कर्ज फिटलं, बुरुलला दोनदा येण्याजाण्याचं तिकीट झालं. आम्ही सगळे म्हणालो, देव पावला. दोन वर्षांनी वर्तमानपत्रात आलं की त्यातलं एक लंडनच्या लिलावात गेलं. जेवढ्याला गेलं तेवढ्यात आमचा अख्खा जिना विकत घेता आला असता, माणसांसकट.

मी तावातावानं पेपर घेऊन गेले. उमसुनाय कणीक मळत होती. "वाच," म्हणाली. मी वाचलं. तिनं कणीक झाकली. "माझ्या पोटाला गुंडाळलं होतं ते," एवढंच बोलली.

बायकेंना पैशांचं तितकं लागलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. मेल्स पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं राखाडी चित्रं भिंतीला लावून ठेवली होती. मीही होते, चहा द्यायला. मेल्स एकेका चित्रापुढून गेला, मान हलवत गेला आणि शेवटी खुर्चीत बसला.

"अक्साकाल, रागावू नका. धुकं कोणी विकत घेत नाही."

"धुकं नाही ते."

"जे काय असेल ते. बाजाराला तुमचं एकच साल माहीत आहे, चौसष्ट. बंदी आलेली, लपवलेली, बायकोनं वाचवलेली. लोकांना तो लाल पाहिजे."

"चौसष्टला मी तीस वर्षांचा होतो. ओरडत होतो. तरुण माणूस ओरडतो. मधल्या चाळीस वर्षांचं काय करू?"

"त्याला गिऱ्हाईक नाही."

मेल्सनं आवाज खाली आणला. "गोदामातली बाकीची चुन्याखाली गेली हे कोणी पाहिलंय? वाचलेली नऊच होती की वीस, कोणाला माहीत?"

"मला माहीत आहे."

"तुमचा हात अजून तोच आहे."

"बनावट करू म्हणतोस?"

"बनावट म्हणजे दुसऱ्याच्या नावानं केलेलं. तुम्ही तुमच्याच नावानं करणार. मग चोर कोण, आणि शिरला कोणाच्या घरात?"

बायकेंनी दार उघडून धरलं. मेल्सनं कोट घातला. जाताना मला ताईच्या मानानं म्हणाला, "एजे, चहा झकास होता." असल्या माणसांना शरम म्हणून नसतेच.

त्याच हिवाळ्यात उमसुनायचे पाय सुजायला लागले. बाजारात उभं राहवेना. तपासलं तर मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, नाहीतर दिवस भरले. सरकारी यादीत नंबर लागायला आधी कोणाला तरी मरावं लागत होतं. खासगीत पैसे मोजावे लागत होते, आणि ते देणं कधी संपणारं नव्हतं. बुरुल मॉस्कोहून पाठवत होती ते दोन आठवडे पुरायचं. नऊपैकी उरलेली दोन चित्रं विकायची ठरवली तर उमसुनायनं शिरदाकावर अंग टाकलं. "ही बुरुलची. मी मेले तरी नाहीत."

बायकेंनी मेल्सला फोन केला.

आमच्या इमारतीच्या तळघरात बंद कारखान्यातून आणलेले जुने फलक रचून ठेवले होते. जळणाला होतील म्हणून कोणी आणलेले. "श्रमाचा विजय असो" धुऊन निघालं की खाली जुनं, पिवळं पडलेलं, खऱ्या वयाचं कापड. रंग मेल्सनं आणून दिले, आगाऊ पैसेही. बायके रोज सकाळी किल्ली घेऊन खाली जायचे, दुपारी वर यायचे. नखांत लाल. बायकोला सांगितलं, मोठ्या दुकानाच्या पाट्या मिळाल्यात. ती हो म्हणाली. मशीनचे पैसे वेळेवर जाऊ लागले.

एक दिवस इस्पितळातून आम्ही दोघी परत आलो. मी तिला धरून जिन्याकडे नेत होते, तर ती तळघराच्या पायऱ्यांकडे वळली.

"अगं, वर चल. दम लागेल."

"लागू दे. बघू तरी कसल्या पाट्या आहेत."

खाली गेलो. दिव्याखाली एक लाल-काळं चित्र ओलं उभं होतं, दोन भिंतीला टेकलेली. बायके ब्रश घेऊन तसेच थिजले. उमसुनाय एका पालथ्या पेटीवर बसली आणि खूप वेळ बघत राहिली.

"हे दहावं का?" तिनं विचारलं.

"बारावं."

"माझ्या रक्तासाठी?"

बायके ब्रश पुसायला लागले. पुसतच राहिले.

"लाल तोच काढलात," ती म्हणाली. "पण हा भांडत नाही हो. उगाच हातवारे करतोय."

"म्हातारा झालाय," बायके म्हणाले.

"आणि कडा बघा कशा सरळ. मी कापलेली अशी नव्हती. माझे हात थरथरत होते."

मला वाटलं, आता ही म्हणेल, माझं रक्त धुणं बंद करा. पूर्वीच्या बायका म्हणायच्या तसं. तसं काही झालं नाही. दोन दिवसांनी पुन्हा मी तिला घेऊन गेले, ती मशीनवर झोपली, नळ्या लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोक्तो, मला जगायचंय. लाज वाटते, पण जगायचंय." मी तिचा हात धरला. जगायची हौस कोणाला नसते?

अशी दोन-अडीच वर्षं गेली. चित्रं अल्माटीला, तिथून आणखी कुठे कुठे गेली. किंमत चढतच होती. तळघरातल्या कामात बायके हळूहळू सुकत चालले होते. खिडकीशी बसणं बंद झालं. कधी बसलेच तर राखाडीचा हात द्यायचे आणि लगेच उठायचे. एकदा मला म्हणाले, "हात वळतच नाही गं. ह्याला आता लालाची चटक लागलीय. राखाडीतही हातवारे करतो." आणि ते चित्र त्यांनी पात्यानं पार कापडापर्यंत खरवडलं.

उमसुनाय वसंतात गेली. मशीनवरच, इंजेक्शन द्यायला नर्स आली तेव्हा कळलं. मी शेजारी बसून मोजा विणत होते, मलाही समजलं नाही. अंगणात सुतकाचा युर्ता, लोकरीचा गोल तंबू, उभारला, बायके दाराशी काठीवर ओणवे होऊन पुरुषांच्या रीतीनं मोठ्यानं रडले. अल्माटीहून मेल्स आला, मयताच्या जेवणाला कापलेल्या घोड्याचे पैसे त्यानंच दिले. सगळ्यांनी ते मटण खाल्लं. मीही खाल्लं.

वर्ष झालं असेल, तेव्हा परदेशातून एक बाई आली, सोबत भाषांतर करणारी मुलगी. बाई कुठल्याशा संग्रहालयाची तज्ज्ञ होती. वागायला सभ्य होती, हे कबूल केलं पाहिजे. बूट बाहेर काढले, दिलेला चहा संपवला. तिनं टेबलावर फोटो मांडले.

"ही सगळी तुमची आहेत?"

"माझीच."

"सगळी चौसष्ट सालची?"

बायकेंनी चहाचा पेला बाजूला सरकवला. मग ती म्हणाली की यातल्या बऱ्याच चित्रांचा पांढरा रंग प्रयोगशाळेत तपासलाय. त्यात एक पदार्थ आहे, तो तेव्हा कुठल्याच कारखान्यात बनत नव्हता.

बायकेंनी फोटो ओढले. एकेक उचलून दोन ढीग केले. लहान ढीग तिच्याकडे सरकवला. "ही तेव्हाची." मोठ्यावर हात ठेवला. "ही आत्ताची. रंग मेल्सनं दिले. काढली मी. दोष माझा."

मुलीनं ते भाषांतर करून सांगितलं. बाईनं विचारलं, "पण का?"

"बायको आजारी होती."

बाईनं मान खाली घातली. तेवढ्यात बायके उठले, शिरदाक आणून उलगडला आणि उरलेली दोन चित्रं तिच्यापुढे पसरली. "ही बघा. ही खरी. ह्या कडा बघा, तिच्या कात्रीच्या. ही तरी खरी आहेत म्हणून लिहा."

बाईनं बराच वेळ बोटानं कडा चाचपल्या. मग मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, कडा कोणीही वाकडी कापू शकतं. कापताना पाहिलेलं कोणी आहे का?"

"पहारेकरी होता," बायके म्हणाले. "तो प्यालेला होता."

बातमी पसरायला काय लागतं? "स्वतःचीच नक्कल करणारा चित्रकार." खरी सातही संशयात आली. लिलाववाल्यांनी नाव गाळलं. आमच्या संग्रहालयात मेल्सनं दिमाखात एक भेट दिलं होतं, तेही भिंतीवरून उतरलं. मेल्स तुर्कस्तानात गेला म्हणे. त्याला काही झालं नाही. अंगणात म्हातारे बाकावर बसून म्हणायचे, "काय बायके, यंदा कितव्या सालचं काढताय?" पहिल्या वेळी बायके हसले. नंतर मागच्या दारानं जाऊ लागले.

तीन वर्षं ते तसे जगले. मी सूप-पाव नेऊन द्यायची. चौकट नाही, फळी नाही, खिडकी मोकळी. मी एकदा न राहवून म्हटलं, "बायके, आता बाजार गेला, मेल्स गेला. आता काढा की तुमचं ते राखाडी. कोणाला दाखवायचं तर नाहीच, पूर्वीसारखं."

"पूर्वी मला माहीत होतं, कोणी बघितलंच तर माझ्यावर विश्वास ठेवील," ते म्हणाले. "आता मीच ठेवत नाही."

जानेवारीत न्यूमोनिया झाला. पाच दिवसांत आटोपलं. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, दोन नकलीबद्दल.

बुरुल मॉस्कोहून आली. आईची दोन चित्रं घेऊन तिनं एकदोघांकडे चकरा मारल्या. तपासून आणा म्हणाले, आणि तपासणीचा खर्च चित्राच्या भावाहून जास्त. राखाडी चित्रं फुकट द्यायला ती संग्रहालयात गेली. तिथली बाई ओळखीची, तिलाच वाईट वाटत होतं. "पोरी, ह्या नावाचं काहीही आत घ्यायचं म्हणजे आधी कागद लागतात. आणि खरं सांगू? ह्यांची नक्कल कोणी करणार नाही, ही खरीच आहेत. पण घेऊ कशी?"

दोन लाल चित्रं बुरुलनं मॉस्कोला नेली. भाड्याच्या खोलीत पलंगाखाली असतात. घर विकलं. राखाडी चोवीस की पंचवीस चित्रं माझ्या बाल्कनीत उभी केली. म्हणाली, "एजे, वर्षभर ठेवा." पुढच्या हिवाळ्यात छप्पर गळलं. मी गावी बहिणीकडे होते. आले तोवर चित्रं एकमेकांना चिकटून एक ठोकळा झाला होता. माझ्या जावयानं सोडवायला बघितली तर रंग पापुद्र्यांनी सुटून हाताला येऊ लागला. त्यानं गाडीत घालून कचऱ्याला नेली. बुरुलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

एक मधलं बचावलं होतं, ते मी बाहेरच्या खोलीत लावलंय. पाहुणे आले की म्हणतात, इथे भिंतीचा रंग उडालाय का? मी म्हणते, हो, ओल आलीय. प्रत्येकाला कुठे समजावत बसू?